निळ्या वाटीचं माप

आईच्या वहीत आहे:
मैदा चार निळ्या वाट्या. तूप दीड, थिजलेलं.
पिठीसाखर दोन, शीग न लावता.
सुंठ, लवंग, जायफळ वासावर. मिरे पाच.
खाली दुसऱ्या शाईत: शांतवनला तिखट लागतात. सहा.

निळी वाटी शांतवनकडे आहे, धायरीला.
खडकीचं घर विकलं तेव्हा
कपाट मला, शिलाई मशीन त्याला,
भांड्यांची पोती न उघडता निम्मी निम्मी.
वाटी कुठल्या पोत्यात, कुणी बघितलं नाही.
मग कागदांवरून काहीतरी निघालं, मग बोलणं थांबलं.
त्याला आता तीन नाताळ झाले.

गेल्या वर्षी मी स्टीलच्या वाटीनं केली.
ट्रेमध्ये सगळी वितळून एकच थाळीपीठ झालं.
मनोहरनं चमच्यानं खाल्लं, म्हणाला, चव आहे.

काल रात्री साडेदहाला शांतवनला मेसेज केला:
निळ्या वाटीत पाणी किती मावतं?
एवढंच. कसा आहेस नाही, काही नाही.
दोन निळ्या खुणा उमटल्या.
मी मैदा चाळायला घेतला, चाळलेलाच परत चाळला.
टायपिंग दिसलं. गेलं. दिसलं.
आणि आलं:
पोचा धरून का सोडून?

पोचा माझा. मी नऊची, तो सहाचा,
माझं कंपासपेटीतलं कर्कटक त्यानं गटारात टाकलं होतं.
वाटी त्याला लागली नाही, मोरीच्या कठड्याला लागली.
इनॅमलचा टवका उडाला, आत काळं लोखंड दिसायला लागलं,
आणि पुढची तीस वर्षं आई त्याच वाटीनं मापत राहिली.

धरून, मी लिहिलं.
एकशे पंचाहत्तर, त्यानं लिहिलं. दोनदा मोजलं.

आमच्याकडे तेव्हा ओव्हन कुठला.
चोवीस डिसेंबरला बाबा सायकलच्या कॅरिअरला ट्रे बांधायचे,
मागून आम्ही दोघं, पडलं तर उचलायला,
खडकी बाजारातल्या रहीमचाचांच्या भट्टीवर.
पाव निघाले की उतरत्या आचेवर लोकांचे ट्रे जायचे,
सगळ्यांचे एकत्र, सगळी बिस्किटं सारखीच गोल.
म्हणून आई प्रत्येकावर विणायच्या सुईनं तीन टोचे द्यायची.
चक्रनारायणांची तीन टोच्यांची, चाचा ओरडायचे,
आणि शांतवन गर्दीतून पुढे घुसायचा,
बक्षीस लागल्यासारखा.
तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

आज सकाळी लाटलं नाही, तळहातावर वळलं.
सहा मिरे. कुटताना डोळ्यांत गेलं.
विणायची सुई सापडली नाही, क्रोशाची चालली.
घरात दुसऱ्या कुणाचा ट्रे नाही,
तरी टोचे दिले, एकूण अठ्ठेचाळीस बिस्किटांना,
एकावर चुकून चार पडले.

आणि आज गुरुवार, हे विसरलेच होते.
बाराव्या मिनिटाला वीज गेली.
ओव्हनची काच काळी झाली, खालून कुणाचा तरी मिक्सर थांबला,
आणि मी ओट्याला टेकून उभी राहिले.
दार उघडू नकोस, असं कुणी म्हणालं नाही.
मीच उघडलं नाही.

अर्ध्या तासानं काढली.
वरून तडकलेली, कडेनं जेमतेम बदामी,
उतरत्या आचेवरची.
पहिलं उभ्यानं खाल्लं, जीभ पोळली,
सहावा मिरा घशात सगळ्यात शेवटी आला.

चोवीस डब्यात भरली, मध्ये बटर पेपर.
चार टोच्यांचं पण त्यातच टाकलं.
मनोहरच्या ऑफिसातला मुलगा धायरीवरूनच येतो, त्याच्याकडे दिला.
मेसेज केला नाही.

डबा आईचा आहे, झाकणावर कोरलेलं आहे:
सौ. एस्तेर भा. चक्रनारायण, १९७४.
तो त्याला ठेवून घेता येणार नाही.
आणि डबा रिकामा परत करायची
आमच्यात पद्धत नाही.